बटाट्याच्या शेतात उभे राहिलेले उपनगर

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील मध्यमवर्ग मोठ्या संख्येने शहर सोडून उपनगरात गेला. या स्थलांतराशी विल्यम जे. लेव्हिट (१९०७-१९९४) या बांधकाम व्यावसायिकाचे नाव कायमचे जोडले गेले आहे. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे जन्मलेले लेव्हिट हे 'लेव्हिट अँड सन्स' या कौटुंबिक कंपनीचे प्रमुख होते. कंपनीची स्थापना १९२९ मध्ये वडील अब्राहम यांच्या पुढाकाराने झाली. घरांचे आराखडे धाकटे बंधू आल्फ्रेड करीत, तर पैसा, विक्री आणि प्रसिद्धी ही विल्यम यांची बाजू होती.

युद्ध संपले तेव्हा अमेरिकेत घरांची तीव्र टंचाई होती. मंदीच्या आणि युद्धाच्या मिळून सुमारे पंधरा वर्षांत बांधकाम जवळजवळ थंडावले होते. परतलेले सैनिक सासुरवाडीत किंवा नातेवाइकांकडे दाटीवाटीने राहत. शिकागोत तर जुन्या ट्रामचे डबे राहण्यासाठी विकले गेले. युद्धकाळात व्हर्जिनियातील नॉरफोक येथे संरक्षण कामगारांसाठी घरे बांधताना लेव्हिट यांनी झटपट बांधकामाचे धडे गिरवले होते. ते आता कामी आले.

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बटाट्याची विस्तीर्ण शेते होती. तेथे मे १९४७ मध्ये त्यांनी भाड्याच्या दोन हजार घरांची घोषणा केली आणि १ ऑक्टोबरला पहिली कुटुंबे राहायला आली. मोटारींच्या कारखान्यात गाडी पुढे सरकते आणि कामगार जागेवर असतो. येथे नेमके उलटे होते. घर जागेवर आणि कामगारांच्या टोळ्या फिरत्या. साऱ्या कामाचे सुमारे २७ टप्पे पाडलेले होते. एक टोळी काँक्रीटचा तळ ओतून पुढे जाई, दुसरी भिंतींचे सांगाडे उभारी, रंगाऱ्यांमध्येही रंगानुसार वेगळी माणसे असत. तळघराला पूर्ण फाटा दिला होता. त्यासाठी स्थानिक बांधकाम नियम बदलून घ्यावे लागले. लाकूड कॅलिफोर्नियातील स्वतःच्या गिरणीतून येई. खिळेसुद्धा कंपनी स्वतः तयार करी. कामगार संघटनांना लेव्हिट यांनी दूर ठेवले. भरात असताना दिवसाला तीसहून अधिक घरे पूर्ण होत. १९५१ पर्यंत लेव्हिटटाऊनमध्ये १७,४४७ घरे उभी राहिली.

मात्र हा चमत्कार केवळ एका उद्योजकाच्या हिकमतीचा नव्हता, हे ध्यानात घेतले पाहिजे. १९४४ च्या सैनिक पुनर्वसन कायद्यामुळे माजी सैनिकांच्या गृहकर्जाला सरकारी हमी मिळाली होती. फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशनच्या कर्जविम्यामुळे बँकांनाही बुडीत कर्जाची भीती राहिली नाही. म्हणूनच १९४९ मध्ये ७,९९० डॉलरचे घर सैनिकाला हाती एक डॉलरही नसताना घेता येत होते. स्वयंपाकघरात रेफ्रिजरेटर आणि कपडे धुण्याचे यंत्र आधीच बसवलेले असे. कुंपणाला मनाई, गवत नियमित कापायचे, शनिवार-रविवारी कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत, असे दंडकही होते. ३ जुलै १९५० च्या 'टाइम'च्या मुखपृष्ठावर लेव्हिट झळकले.

या घरांचे दार सर्वांना उघडे नव्हते. गोऱ्यांखेरीज कोणालाही घरात राहू देणार नाही, अशी अट सुरुवातीच्या करारपत्रात स्पष्टपणे छापलेली होती. लढून आलेल्या कृष्णवर्णीय सैनिकालाही ती लागू होती. अशा अटींची न्यायालये अंमलबजावणी करू शकणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला. पुढे कलम वगळले गेले, विक्रीचे धोरण तसेच राहिले. कृष्णवर्णीयांना घरे विकली तर गोरे ग्राहक येणार नाहीत, असा लेव्हिट यांचा युक्तिवाद होता. ते स्वतः ज्यू होते आणि त्या काळी ज्यूंनाही अनेक वस्त्यांत मज्जाव होता, त्यामुळे हा युक्तिवाद अधिकच खटकतो. अर्थात दोष त्यांच्या एकट्याचा नाही. कर्जविमा देणारी सरकारी यंत्रणाच मिश्र वस्तीला धोक्याची मानत होती.

पेनसिल्व्हेनियातील दुसऱ्या लेव्हिटटाऊनमध्ये ऑगस्ट १९५७ मध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय दाम्पत्य मूळ मालकाकडून घर विकत घेऊन राहायला आले. घराबाहेर जमाव जमला, खिडक्यांवर दगड आले, राज्य पोलिसांना पाचारण करावे लागले. काही गोरे शेजारी मात्र त्यांच्या पाठीशी उभे राहिले. न्यू जर्सीतील तिसऱ्या वसाहतीत प्रकरण न्यायालयात गेले आणि १९६० मध्ये लेव्हिट यांना माघार घ्यावी लागली. घरविक्रीतील वर्णभेदावर देशव्यापी बंदी घालणारा कायदा येण्यास १९६८ साल उजाडले.

त्याच वर्षी लेव्हिट यांनी कंपनी 'आयटीटी' या उद्योगसमूहाला सुमारे ९२ दशलक्ष डॉलरना विकली. मोबदला समभागांत होता. त्यांचे भाव कोसळले आणि संपत्ती वितळली. करारानुसार दहा वर्षे अमेरिकेत घरबांधणी करण्यास त्यांना मनाई होती. नंतरचे परदेशांतील आणि फ्लोरिडातील प्रकल्प फसले. २८ जानेवारी १९९४ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा ते जवळजवळ निष्कांचन होते. लाँग आयलंडवरील त्यांची घरे मात्र टिकून आहेत. मालकांनी माळे चढवून, खोल्या वाढवून ती इतकी बदलली आहेत, की मूळ रूपातील घर आता शोधावे लागते.