पान जपले, मजकूर हरवला

१/६
ब्रूस्टर केल यांनी १९९६ साली सॅन फ्रान्सिस्कोत ‘इंटरनेट आर्काइव्ह’ची स्थापना केली. संकेतस्थळे लुप्त होण्यापूर्वी त्यांच्या प्रती जपणे हा तिचा हेतू. २००१ साली ‘वेबॅक मशीन’द्वारे त्या प्रती सर्वांना खुल्या झाल्या.

२/६
परंतु पान जपणे आणि मजकूर हाती येणे या भिन्न गोष्टी. जतन केलेल्या पानात लेखाभोवती जाहिराती आणि दुव्यांच्या रांगा असतात. अभ्यासकाला हवा असतो केवळ लेख.

३/६
हे पाखडण्याचे काम करणारे एक साधन म्हणजे ‘जसटेक्स्ट’. यान पोमिकालेक यांनी ते चेक प्रजासत्ताकातील मासारिक विद्यापीठात घडवले. २०११ च्या प्रबंधात त्याची पद्धत मांडली.

४/६
हे साधन प्रत्येक परिच्छेदाची लांबी, त्यातील दुवे आणि त्या भाषेतले नित्याचे शब्द मोजते. मराठीत ‘आणि’, ‘आहे’, ‘होते’ असे शब्द दाट असले तर तो लेख. विरळ असले तर टाकाऊ भाग.

५/६
जुन्या मराठीचा घात इथेच होतो. युनिकोड रुळण्यापूर्वी अनेक मराठी संकेतस्थळे स्वतंत्र फाँट वापरीत. पडद्यावर देवनागरी दिसे. आत मात्र रोमन अक्षरे व चिन्हे साठवलेली असत. अशा पानात साधनाला एकही ‘आहे’ सापडत नाही आणि सबंध लेख कचरा ठरतो.

६/६
उपाय आहे: आधी फाँट ओळखून युनिकोडमध्ये रूपांतर करावे, मग पाखडावे. मोडी न येणाऱ्याला दप्तर मुके वाटते, म्हणून ते कोरे नसते. साधनाने ‘मजकूर नाही’ असा निर्वाळा दिला, तरी इतिहासाच्या अभ्यासकाने मूळ पान एकदा उघडून पाहावे.