कशामुळे काय झालं?

दिवाळीच्या तोंडावर आमच्या इंदूरच्या सियागंजात सुक्या मेव्याच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. समजा, एका व्यापाऱ्यानं त्याच आठवड्यात रेडिओवर जाहिरात दिली आणि माल दुप्पट खपला. तो म्हणणार, हा जाहिरातीचा गुण. शेजारचा म्हणणार, अहो, हा दिवाळीचा गुण. हे वाद घालून ठरत नाही. ज्यानं जाहिरात दिली नाही, त्याचाही त्या आठवड्यातला गल्ला बघावा लागतो.

आपल्याकडे न्यायशास्त्रात याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. एक असलं की दुसरं असतं, हा अन्वय. पहिलं नसलं की दुसरंही नसतं, हा व्यतिरेक. आपण अन्वय लगेच बघतो आणि व्यतिरेकाचा कंटाळा करतो. लोकांना काही सांगितल्यानं ते खरंच बदलतात का, हे शोधताना तर हा कंटाळा फार महाग पडतो.

तो कंटाळा न करणारा एक मोठा प्रयोग मराठी मुलखात झाला, १९५६ साली. गावोगाव रेडिओ पोचवायचे सरकारच्या मनात होतं. आमच्या इंदूरला आकाशवाणी केंद्र निघून तेव्हा जेमतेम वर्ष होत होतं. पण नुसता रेडिओ ऐकून शेतकरी शहाणा होईल का? कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांची श्रोता मंडळं चालत होती: एकत्र बसायचं, कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर बोलायचं. युनेस्कोच्या मदतीनं आकाशवाणीनं तीच रीत पुणे केंद्रावरून करून पाहिली. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं निवडली. फेब्रुवारी ते एप्रिल, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला की मंडळी चर्चा करत आणि त्यांचे प्रश्न पुण्याला जात.

परिणाम मोजायचं काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होतं. तिथे तेव्हा पॉल न्यूराथ नावाचे प्राध्यापक आलेले होते. मूळचे व्हिएन्नाचे, हिटलरच्या दाखाऊ आणि बुखेनवाल्ड छळछावण्यांतून वाचलेले. मंडळ असलेल्या गावांत जाऊन ‘काय, फायदा झाला का?’ एवढंच विचारून काम भागलं असतं. पण त्यांच्या पाहणीत तीन तऱ्हेची गावं होती. काही गावांत रेडिओ आणि मंडळ दोन्ही. काही गावांत रेडिओ होता, मंडळ नव्हतं. काही गावांत रेडिओच नव्हता. तिन्हीकडे आधी आणि नंतर लोकांना शेती-आरोग्याचे तेच प्रश्न विचारले.

मंडळं होती तिथे माहिती ठळकपणे वाढली. नुसता रेडिओ होता तिथे वाढ फारच थोडी. म्हणजे गुण डब्याचा नव्हता, डब्याभोवती बसून बोलण्याचा होता. मधली गावं पाहणीत घेतली नसती, तर सगळं श्रेय रेडिओला गेलं असतं आणि सरकारनं नुसतेच डबे वाटले असते. १९५९ पासून देशभर मंडळं काढायचं ठरलं, त्यामागे हा प्रयोग होता.

बायकांवरचाही असा एक प्रयोग आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत चांगल्या मांसाचा तुटवडा पडला. कर्ट लेविन यांनी गृहिणींचे सहा गट घेतले. जनावराचं काळीज, गुर्दे असं तिथल्याही बायका टाळत ते रांधायला त्यांना तयार करायचं होतं. आपल्या घरात ज्याचं नावही निघत नाही, ते! पण वस्तू बाजूला ठेवून रीत बघा. तीन गटांना छान व्याख्यान दिलं. तीन गटांत बायकांनी आपसात चर्चा केली आणि शेवटी हात वर करून ठरवलं. आठवड्यानं विचारलं, तर व्याख्यान ऐकलेल्या शंभरातल्या तिघींनी ते रांधलं होतं, चर्चा केलेल्या शंभरातल्या बत्तीस जणींनी.

तरी प्रश्न उरतोच. गुण चर्चेचा, की सगळ्यांसमोर हात वर करण्याचा? पुढे एडिथ पेल्झ या बाईंनी हेच दोन धागे सोडवायला विद्यार्थ्यांवर वेगळा प्रयोग केला. त्यांना आढळलं की नुसत्या चर्चेनं फारसा फरक पडत नाही. मनाशी निर्णय झाला आणि बाकीच्याही तयार आहेत असं वाटलं, की पाऊल उचललं जातं. पुण्याच्या गावांबद्दलही हेच विचारता येतं. तिथे माणसं नुसतं बोलली नव्हती. आपल्याकडे कुणीतरी लक्ष देतंय, हेही त्यांना कळलं होतं. एक प्रयोग एका प्रश्नाचं उत्तर देतो आणि दुसरा प्रश्न हातात ठेवतो.

मैत्रिणींनो, आपल्या मंडळात रक्तक्षयावर किंवा मुलांच्या मोबाइलवर व्याख्यान होतं. हॉल भरतो, टाळ्या पडतात, अहवालात ‘कार्यक्रम यशस्वी’ असं लिहिलं जातं. पुढच्या वेळी एवढं करू या. अर्ध्या जणींना नुसतं व्याख्यान. अर्ध्या जणींना व्याख्यानानंतर दहा-दहाच्या गटात बसून ठरवू द्या. कोणी कुठे बसायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर हौशी बायका सगळ्या एकीकडे जातील. महिन्यानं दोघींनाही तेच विचारा. खर्च चिठ्ठ्यांच्या कागदाचा. आणि फोनवर ‘या काढ्यानं शंभर जणींना गुण आला’ असा निरोप आला, तर पुढे धाडण्याआधी विचारा: काढा न घेता किती जणी बऱ्या झाल्या?