विद्यापीठातील सामायिक संगणक : वाटपाच्या दोन पद्धती

संगणकाचा इतिहास सामान्यतः यंत्रांच्या वाढत्या गतीचा आणि घटत्या किमतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. विद्यापीठांपुरते पाहिल्यास हा दृष्टिकोन अपुरा ठरतो. यंत्र एक आणि त्याचा उपयोग करू इच्छिणारे अनेक, ही विद्यापीठातील आरंभापासूनची स्थिती होय. यंत्र कोणी, किती वेळ आणि कोणत्या अटीवर वापरावे, याचा नियम तेथे करावाच लागतो. आणि तो नियम यंत्राच्या रचनेतून आपोआप निष्पन्न होत नाही. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात १९६१ ते १९६४ या अल्प काळात या प्रश्नाला दोन भिन्न उत्तरे मिळाली. त्यांची तुलना उद्बोधक आहे.

प्रथम पूर्वस्थिती पाहू. १९५७ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटी, येथे आयबीएम ७०४ हा संगणक कार्यान्वित झाला. त्याच्या तीन पाळ्यांपैकी एक एमआयटीची, एक आयबीएमची आणि एक न्यू इंग्लंडमधील इतर महाविद्यालयांची असे. यंत्राला हात लावण्याची मुभा सामान्य उपयोगकर्त्यास नव्हती. आज्ञावली छिद्रित कार्डांवर उतरवून द्यावयाची, यंत्रचालकाने सर्वांची कामे एकामागून एक चालवावयाची आणि पुढे केव्हातरी छापील कागद हाती यावयाचा, असा क्रम होता. एक चिन्ह चुकले तरी सारा क्रम पुन्हा आरंभापासून करावा लागे. न्यू हॅम्पशायरमधील डार्टमथ महाविद्यालयाचे गणिताचे प्राध्यापक टॉमस कर्ट्झ कार्डांची पेटी घेऊन आगगाडीने बॉस्टनला जात, ते याच पाळीसाठी. भारतातही आरंभीची पद्धती अशीच होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये आलेल्या सीडीसी ३६०० या संगणकावर बाहेरच्या अनेक संस्थांची कामे होत. या पद्धतीमागे एक हिशेब होता : यंत्राचा क्षण महाग, माणसाचा दिवस स्वस्त.

हा हिशेब उलटविण्याचा मार्ग कालविभागणीच्या तंत्राने दाखविला. एक मनुष्य विचार करीत असता यंत्राने दुसऱ्याचे काम करावे आणि प्रत्येकास ते आपल्यापुरतेच आहे असे वाटावे, ही ती कल्पना. नोव्हेंबर १९६१ मध्ये एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो यांनी तिचे प्रात्यक्षिक दाखविले. तथापि जुने रेशनिंग येथेही राहिले. प्रत्येकाला खाते, परवलीचा शब्द आणि ठरावीक वेळ देण्यात आली. तेथील संशोधक विद्यार्थी ॲलन शेर यांना आठवड्यास चार तास मिळत, आणि ते त्यांच्या कामास पुरत नसत. खातेक्रमांक व संचिकेचे नाव कार्डावर लिहून दिल्यास ती संचिका छापून मिळे, अशी सोय तेथे होती. १९६२ मध्ये शेर यांनी परवलीच्या शब्दांची संचिकाच छापण्याची मागणी टाकली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे छापील कागदांच्या कपाटातून ती यादी उचलली. पुढे अनेक वर्षांनी त्यांनीच ही हकीकत सांगितली. वेळेचे कुंपण चोख राखले गेले होते. सर्वांच्या मुद्रणयंत्राचे दार मात्र उघडे राहिले होते.

डार्टमथने तंत्र तेच घेतले. कालविभागणीची सूचना कर्ट्झ यांना एमआयटीतील जॉन मॅकार्थी यांच्याकडूनच मिळाली होती. नियम मात्र त्यांनी वेगळा केला. कर्ट्झ आणि त्यांचे सहकारी जॉन केमेनी यांच्यापुढे ग्रंथालयाचे उदाहरण होते. खुल्या कपाटांच्या ग्रंथालयात वाचक स्वतः पुस्तक काढतो. ते कशासाठी हवे, हे त्याला कोणी विचारीत नाही आणि मोलही मागत नाही. संगणकाचेही तसेच असावे, असे त्यांनी ठरविले. महाविद्यालयातील बहुसंख्य विद्यार्थी विज्ञानशाखेचे नव्हते. त्यांच्यासाठी ‘बेसिक’ ही सोपी भाषा रचण्यात आली आणि प्रणालीच्या उभारणीचे बरेचसे काम पदवीपूर्व विद्यार्थ्यांनीच केले. १ मे १९६४ रोजी पहाटे दोन टेलिटाइपांवरून दोन आज्ञावल्या एकाच वेळी चालल्या.

या औदार्याच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या अनुदानाचा त्यास आधार होता. विद्यार्थ्यांची उदाहरणे काही सेकंदांत सुटणारी होती. एमआयटीतील संशोधनाची प्रदीर्घ गणिते तेथे आली असती, तर नियम टिकला असता की नाही, ही शंका उरते. शिवाय पदवीच्या अभ्यासक्रमास डार्टमथने स्त्रियांना १९७२ पर्यंत प्रवेश दिला नव्हता. कपाटे खुली होती. ग्रंथालयाचे प्रवेशद्वार तसे नव्हते.

ग्रंथालयाच्या उपमेची खरी कसोटी पुढे मुद्रणयंत्रापाशी लागली. टेलिटाइप सेकंदास दहा अक्षरे आपल्याच कागदावर उमटवी, म्हणून मुद्रणाचा प्रश्न वेगळा उद्भवत नसे. पडद्याची उपकरणे आल्यावर कागद उपकरणापासून सुटला आणि अनेकांसाठी एकच मुद्रणयंत्र, ही व्यवस्था आली. यंत्राचा न वापरलेला क्षण वाया जातो, म्हणून तो मुक्तपणे वाटणे शहाणपणाचे असते. वाचलेले पुस्तक कपाटात परत जाते. छापलेला कागद मात्र खर्चच होतो. यास्तव संगणकाचा काळ स्वस्त झाला, तरी पानांची मोजदाद उरली. मुद्रणयंत्राभोवती खात्यांची व मर्यादांची जुनी व्यवस्था टिकून राहिली, तिचे कारण हेच.

मोजदाद हा प्रश्नाचा एक भाग झाला. एमआयटीच्याच कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत मुद्रणयंत्रात कागद अडकला, की वाट पाहणाऱ्यांना तसा संदेश जावा, अशी तरतूद रिचर्ड स्टॉलमन यांनी आज्ञावलीत केली होती. ज्याला घाई असेल, तो उठून कागद सोडवी. १९८० च्या सुमारास नवे लेसर मुद्रणयंत्र आले. परंतु त्याची मूळ आज्ञावली प्रयोगशाळेस मिळाली नाही, आणि ती तरतूद पुन्हा करता आली नाही. सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. तिच्यामागील कारणांत हा अनुभव ते स्वतः सांगत आले आहेत. यंत्र सामायिक होते, पण त्याची दुरुस्ती सामायिक राहिली नव्हती.

यावरून एक निष्कर्ष संभवतो. एकाच तंत्रावर, परस्परांपासून एका दिवसाच्या प्रवासाच्या आत असलेल्या दोन संस्थांनी भिन्न नियम उभारले. एकीने उपयोगकर्त्याचा हिशेब ठेवला, दुसरीने त्याच्यावर विश्वास टाकला. हिशेबाची गरज नाकारता येत नाही. कागद मोजावाच लागतो. परंतु कोणती वस्तू मोजावी आणि कोणती मोजू नये, हा निर्णय यंत्र करीत नाही. तो विद्यापीठ करते, आणि आपल्या विद्यार्थ्यांविषयीचे त्याचे मत त्या निर्णयात व्यक्त होते.