परत सोडण्याचा कायदा

मालक नसलेल्या मांजराला आपण ‘मोकाट’ म्हणतो, नाहीतर ‘भटकं’. दोन्ही शब्दांत तक्रार आहे. इटलीच्या १४ ऑगस्ट १९९१ च्या २८१ क्रमांकाच्या कायद्यात मात्र ‘मोकळेपणी राहणारी मांजरं’ असा उल्लेख येतो. हा फरक मला नुसता शब्दांचा वाटत नाही.

तिथल्या १९५४ च्या पशुवैद्यकीय नियमावलीत पकडलेल्या भटक्या कुत्र्याला तीन दिवसांनी मारण्याची तरतूद होती. नव्या कायद्याने ती मोडीत काढली. मांजरांबाबत त्याने सांगितलं, की त्यांचा छळ करू नये. स्थानिक आरोग्ययंत्रणेने नसबंदी करून त्यांना त्यांच्याच समूहात परत सोडावं. आणि गंभीर आजारी किंवा असाध्य रोग जडलेल्या मांजरालाच मारता यावं.

‘परत सोडावं’ यामागे व्यवहार आहे. मांजरी पाच-सहा महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत विते. नुसती मांजरं उचलून नेली, तर अन्न आणि आडोसा मागे उरतो. आजूबाजूची मांजरं तिथे येतात. नसबंदी झालेलं मांजर जागा राखतं, संख्या वाढवत नाही. भुलीत असतानाच त्याच्या कानाचं टोक कापतात, म्हणजे ते लांबून ओळखता येतं.

पण कायदा पिंजरा लावत नाही. रोममधल्या तोर्रे आर्जेन्तिना चौकात १९२६ ते १९२९ दरम्यान चार प्राचीन मंदिरं खणून काढली गेली. रस्त्याखालच्या त्या अवशेषांत मांजरांनी बस्तान बसवलं. त्यांना खाऊ घालणाऱ्या बायकांना तिथे ‘गात्तारे’ म्हणतात. नव्वदच्या दशकात अशा स्वयंसेविकांनीच तिथे निवारा उभारून नसबंदी आणि औषधपाणी सुरू केलं. २०१२ मध्ये पुरातत्त्व अधिकाऱ्यांनी हाच निवारा बेकायदा ठरवला. मांजरांना जागेचा आधार कायद्याने दिला होता. त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना तो नव्हता. लोकांच्या पाठिंब्यावर निवारा टिकला.

भारतात २००१ मध्ये प्राणी जन्मनियंत्रणाचे नियम आले. शस्त्रक्रिया, लस, कानावर खूण आणि पकडलं तिथेच परत सोडणं, हे सगळं त्यांत होतं. पण नियमांच्या नावातच कंसात ‘कुत्रे’ असं लिहिलेलं होतं. गल्लीतल्या मांजरीची वीण त्या कंसाबाहेर राहिली. तिची काळजी वाहणाऱ्या शेजारणीही.