झिंगाट

झिंगाट : मराठी चित्रपटातील नृत्यगीत. नागराज मंजुळे दिग्दर्शित ‘सैराट’ (२९ एप्रिल २०१६) या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी ते संगीतबद्ध केले आणि स्वतःच गायले. ‘झिंग’ म्हणजे धुंदी, तंद्री. ‘सुसाट’, ‘भन्नाट’ यांच्या पंगतीत शोभणारा ‘झिंगाट’ हा शब्द गाण्यात प्रेमात पडलेल्याची अवस्था सांगतो.

पार्श्वभूमी : अतुल (जन्म १९७४) व अजय (जन्म १९७६) गोगावले यांचे बालपण वडिलांच्या महसूल खात्यातील नोकरीमुळे शिरूर, जुन्नर, राजगुरुनगर अशा पुणे जिल्ह्यातील गावांत गेले. ‘सैराट’मध्ये चार गाणी आहेत. त्यांच्या संगीतासाठी लॉस एंजेलिसमध्ये सिंफनी वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण झाले. ‘याड लागलं’मध्ये तो वाद्यवृंद मनात रेंगाळतो, ‘झिंगाट’ मात्र थेट पायांत शिरते.

रचना : ठेका ठळक, कडवी आटोपशीर आणि बोलीतली, धृपदात शीर्षकशब्दाचाच घोष. ही जादू पुनरावृत्तीची आहे. १९९० च्या दशकात गोव्यातील हणजूण किनाऱ्याच्या परिसरात आकाराला आलेले ट्रान्स संगीतही तिच्यावरच उभे आहे. प्रोग्रेसिव्ह ट्रान्समध्ये एकावर एक थर चढवत सात-आठ मिनिटांनी तंद्री लागते. ‘झिंगाट’ चार मिनिटांच्या आत तिथे पोचवते. ट्रान्समध्ये शब्द बहुधा नसतात किंवा मोजके असतात, नाचणारा आपल्यातच हरवतो. इथे धृपद सगळ्यांच्या तोंडी असते, त्यामुळे नाचणारा घोळक्यात मिसळतो.

प्रसार : शिरूर (घोडनदी) आणि दौंड तालुक्यांसारख्या ग्रामीण पट्ट्यात अशा गाण्याचे आयुष्य चित्रपटगृहाबाहेर ठरते : हळद, परण्या, वरात, गणेशविसर्जन. डीजे असला तर मूळ ध्वनिमुद्रण वाजते. बँजो पार्टीत गायक नसला तरी अडत नाही. नुसत्या धुनेवरही गाणे ओळखू येते. नाचायला पावले शिकावी लागत नाहीत, म्हणून नातू आणि आजोबा एकाच रिंगणात उतरू शकतात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकाला एरवी मनाई असते. वरातीतल्या धुंदीलाही ही वेळ पाळावी लागते.

रूपांतर : ‘सैराट’वर बेतलेल्या ‘धडक’ (२०१८) या हिंदी चित्रपटात अमिताभ भट्टाचार्य यांनी गीत हिंदीत नव्याने लिहिले. चाल आणि गायक तेच राहिले. ‘झिंगाट’ या शब्दाला मात्र हिंदी पर्याय शोधला गेला नाही. तो मराठीच राहिला.