पाच सुयांवरची लाल टोपी

ट्युनिसच्या जुन्या शहरात, झैतूना मशिदीपासून जवळच, टोपीवाल्यांची पेठ आहे: सूक अश-शावाशीन. तिथली लाल ‘शाशिया’ हातात घेतली तर नमद्याची वाटते. वीण दिसत नाही, शिवण तर नाहीच. त्यामुळे तिचा इतिहासही बहुधा रंगाचा, नमद्याचा आणि पेढीवाल्यांचा म्हणून सांगितला जातो. 1609 पासून स्पेनच्या तिसऱ्या फिलिपने मोरिस्कोंना, म्हणजे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांच्या वंशजांना, देशाबाहेर काढले. त्यांतले हजारो लोक ट्युनिसच्या आश्रयाला आले, त्यांनी हा धंदा भरभराटीला आणला आणि पुढे शाशिया भूमध्यसमुद्राच्या काठाकाठाने विकली जाऊ लागली. हे सगळे खरे आहे, पण त्यात धंद्याचा कणा कुठेच येत नाही. तो कणा म्हणजे पाच सुयांवरचे गोल विणकाम. ते करणाऱ्या बायका पेठेत बसत नव्हत्या, म्हणून इतिहासातही बसल्या नाहीत.

शाशिया एका जागी तयार होत नसे, आजही होत नाही. ट्युनिसजवळच्या अरियाना गावातल्या बायका घरी पांढऱ्या लोकरीची टोपी विणत. तिला ‘कब्बूस’ म्हणतात. चार सुयांवर टाके वाटून घ्यायचे, पाचवीने विणत गोल गोल फिरायचे आणि माथ्याकडे टाके घटवत न्यायचे. हे कब्बूस तयार टोपीच्या जवळपास दुप्पट मोठे आणि ढगळ असते. मग ते मेजेर्दा नदीकाठच्या अल-बतानला जाई. तिथे गरम पाण्यात साबण लावून ते इतके मळले आणि कुटले जाई की लोकर आटून टाके एकमेकांत मिसळून जात. नंतर काटेरी बोंडांनी घासून वर लव काढायची, झघवानच्या झऱ्याच्या पाण्यात किरमिजी रंग चढवायचा आणि शेवटी ट्युनिसच्या पेठेत साच्यावर बसवून ती विकायला ठेवायची. झघवानचे पाणी रंगाला मानवते अशी ख्याती होती. रोमन काळात हेच पाणी कालव्याने कार्थेजला नेले जाई, म्हणजे या पाण्याचा लौकिक टोपीपेक्षा कितीतरी जुना. अल-बतान आणि झघवान या दोन थांब्यांचे वर्णन प्रवासी मोठ्या कौतुकाने करतात. अरियाना एका वाक्यात उरकते.

यावर कुणी म्हणेल, किंमत तर मळणीत आणि रंगातच आहे. पांढरे, ढगळ कब्बूस बाजारात कोण घेणार? आक्षेप रास्त आहे. पण मळण्याने लोकर आटते ती तिला आधी दिलेल्या घडणीप्रमाणेच. सपाट विणून शिवलेली टोपी मळली तर शिवणीच्या जागी जाड कड उमटते आणि तिथले आटणेही उरलेल्या टोपीशी जुळत नाही. गोल विणीत जोडच नसल्यामुळे ती सगळीकडून सारखी आटते. म्हणजे नमद्याच्या गुळगुळीत पृष्ठभागाचे श्रेय मोठ्या अंशी सुईचे आहे. दुसरा आक्षेप याहून वजनदार: युरोपातले टोपीवाले सुटी लोकर किंवा सशाचे केस दाबून, विणल्याशिवायच बिनशिवणीच्या टोप्या करत होते, मग सुया हव्यात कशाला? टोपी ताठ हवी असेल तर खरोखरच नकोत. शाशिया मात्र मऊ असते, दुमडता येते, डोक्यावर घट्ट बसते आणि पुन्हा आकारात येते. हा लवचीकपणा विणीचाच, मळल्यावरही शिल्लक राहिलेला.

सर्वांत बोलका पुरावा मात्र प्रतिस्पर्ध्यांकडून मिळतो. 1820च्या दशकाच्या अखेरीस सुलतान दुसऱ्या महमूदने नव्या सैन्याला आणि मग अधिकाऱ्यांना फेझ टोपी दिली. ती ट्युनिसच्या टोपीवरूनच उचललेली होती. मागणी अफाट वाढली आणि इस्तंबूलमध्ये सरकारी फेझखाना उभा राहिला. पण पुढे तुर्की बाजार काबीज केला तो ऑस्ट्रियन साम्राज्यातल्या, बोहेमियाच्या स्त्राकोनित्से गावाने. हे गाव मूळचे मोजे विणणाऱ्यांचे! मोजाही टोपीसारखाच गोल विणला जातो, त्यामुळे तिथे कसब आधीपासून तयार होते. रंग आणि साचे नंतर जमवले गेले. रंगाचे गुपित हाच धंद्याचा कणा असता, तर रंगाऱ्यांच्या एखाद्या गावाने ट्युनिसला हरवले असते. बोहेमियात पुढे यंत्रे आली, माल स्वस्त झाला. 1908 साली ऑस्ट्रियाने बोस्निया जोडून घेतल्यावर तुर्कांनी ऑस्ट्रियन फेझवर बहिष्कार घातला, तेव्हा आपल्या राष्ट्रीय टोपीसाठी आपण किती परावलंबी आहोत हे त्यांना उघडच दिसले. याच तुर्की फेझची बहीण निजामाच्या राज्यात ‘रूमी टोपी’ म्हणून मिरवत होती, म्हणून मराठवाड्याच्या जुन्या छायाचित्रांतही ती भेटते.

1925 साली अतातुर्कच्या टोपी-कायद्याने शाशियाचा धंदा बुडाला, असे सोपे स्पष्टीकरण दिले जाते. कायद्याने तुर्की गिऱ्हाईक गेले हे खरे, पण ट्युनिसची घसरण त्याआधी पाऊण शतक तरी चालू होती. शावाशींची, म्हणजे टोपीवाल्यांची, पंचायत भक्कम होती. तिच्या अमीनाला, म्हणजे प्रमुखाला, शहरातल्या व्यापारी तंट्यांत मान होता आणि उमेदवारी केल्याशिवाय कुणाला दुकान मिळत नसे. एवढा बंदोबस्त पेठेत होता. अरियानाच्या बायकांना मात्र नगावर मजुरी मिळे आणि पंचायतीत जागा नव्हती. मजुरी कमी, म्हणून काम हलके, हा हिशेब शावाशींनी मांडला आणि इतिहासकारांनी तो तसाच उतरवून घेतला. मजुरीवरून कुणाची सौदा करण्याची ताकद किती ते कळते; टोपीत कुणाचा वाटा किती ते कळत नाही. आज पेठेतली दुकाने कमी झाली आहेत, पण जी चालू आहेत त्यांना कब्बूस अजून हातानेच विणून घ्यावे लागते.