पाण्याकाठच्या सात जणी: तंजावरच्या पऱ्यांचा इतिहास

तंजावर म्हटलं की आपण मराठी माणसं लगेच राजांकडे वळतो. व्यंकोजीराजे, शहाजीराजे, सरफोजीराजे. आज राजांना थोडं बाजूला ठेवू आणि पऱ्यांबद्दल बोलू. हसू नका, हाही इतिहासच आहे.

आधी घरातली गोष्ट सांगतो. माझ्या आजीचं माहेर सातारा जिल्ह्यातलं. तिथल्या विहिरीच्या काठावर शेंदूर फासलेले सात दगड होते. आजीची धाकटी बहीण नऊ वर्षांची असताना त्या विहिरीवर पाण्याला गेली आणि परत आली नाही. घरात ‘बुडाली’ असं कुणी म्हणत नसे. ‘आसरांनी नेली’ असं म्हणत. लहानपणी मला या वाक्याची भीती वाटायची, पुढे शिकल्यावर रागही यायचा. त्याचा अर्थ थोडाफार लागला तो तंजावरला.

‘परी’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. त्याआधीचा आपला शब्द अप्सरा. अप् म्हणजे पाणी आणि सृ म्हणजे सरणं. पाण्यात वावरणारी ती अप्सरा. इंद्राच्या दरबारातली नर्तकी हे तिचं नंतरचं रूप. अथर्ववेदाच्या चौथ्या कांडात एक सूक्त आहे. त्यात अप्सरांना सांगितलंय की माणसांपासून दूर, नदीकडे परत जा, जिथे वड-पिंपळ आहेत आणि तुमचे झोपाळे आहेत. म्हणजे त्या काळातही त्या माणसांच्या वस्तीत शिरतात, असाच समज होता. ऋग्वेदातली उर्वशी तर पुरूरव्याबरोबर चार वर्षं संसार करून निघून जाते.

याच अप्सरेचं मराठी रूप म्हणजे आसरा. साती आसरांची पारंपरिक नावं ऐका: मत्स्यी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा आणि मकरी. मासा, कासव, खेकडा, बेडूक, मगर. निम्म्याहून अधिक नावं थेट पाण्यातल्या जिवांची आहेत. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या आसपास पायी हिंडले तेव्हा त्यांना पाण्याजवळ ‘मावळाया’ नावाच्या देवता भेटल्या. मावळ या मुलखाचं नावच या छोट्या आयांवरून आलं असावं, असं त्यांनी मांडलं. ज्या मावळ्यांच्या जोरावर आपण राज्य उभं केलं, त्यांच्या मुलखाचं नाव कदाचित या पाण्याकाठच्या बायांचं आहे.

आता तंजावरला येऊ. राजराज चोळाने 1010 मध्ये पूर्ण केलेलं बृहदीश्वराचं देऊळ. गाभाऱ्याभोवती एक अंधारी प्रदक्षिणा आहे, सर्वसामान्य दर्शनार्थींना तिथे जाता येत नाही. 1931 मध्ये एस. के. गोविंदस्वामी या अभ्यासकांना तिथल्या नायककालीन चित्रांच्या थराखाली जुनी, चोळकालीन चित्रं सापडली. त्यांत नाचणाऱ्या अप्सरा आहेत. कित्येक पिढ्या त्या भिंतीतच लपून राहिल्या होत्या! त्याच देवळाच्या दगडावर राजराजाने 400 नर्तकींची नावं कोरून ठेवली आहेत. त्यांना देवळाभोवतीच्या गल्ल्यांत घरं दिली, धान्य लावून दिलं. त्याच आवारात 1803 सालचा, सरफोजीराजांनी कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा भला मोठा मराठी लेखही आहे.

थोडक्यात, या देवळात ज्याला त्याला लेख आहे. लेख नाही तो देवळाबाहेरच्या सात जणींना.

तंजावरच्या खेड्यांतून हिंडलात तर तळ्याच्या बांधावर, कडुनिंबाखाली, एका ओळीत सात दगड किंवा सात लहान मूर्ती दिसतील. जवळपास अय्यनार असतो, त्याचे मातीचे घोडे असतात. या सात जणी म्हणजे कन्निमार, सात कुमारिका. मी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा पाय थबकले. आजीच्या विहिरीवरचे दगड असेच होते.

फरक आहे तो नावांत. इथे विचारलं तर ब्राह्मी, माहेश्वरी, कौमारी, वैष्णवी, वाराही, इंद्राणी आणि चामुंडा अशी नावं सांगतात. म्हणजे पुराणातल्या सप्तमातृका. त्यांतली वाराही बृहदीश्वराच्या आवारातही बसलेली आहे आणि आषाढात तिचं नवरात्र थाटात होतं. मला वाटतं, पाण्याकाठच्या कुमारिका आधीच्या आणि ही नावं नंतर चढलेली. आपल्याकडच्या सात जणी मासा-खेकडाच राहिल्या, तिकडच्या सात जणींना देवांच्या शक्तींची नावं मिळाली. मूळ भूमिका तीच: पाण्याची राखण.

यातली इंद्राणी लक्षात ठेवा. सरफोजीराजांनी ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाचं मराठी नाटक लिहिलं. त्यात भविष्य सांगणारी कुरवंजी इंद्राणीला जगाचा भूगोल गाऊन शिकवते, खंडं आणि देश सांगते. श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेला, शरीरशास्त्राची पुस्तकं जमवणारा हा राजा. त्याने स्वर्गातल्या राणीला हाकलून लावलं नाही, तिच्या हाती नकाशा दिला. आधुनिक जगात परीला जागा करून देण्याची याहून सुंदर रीत मला माहीत नाही. आइसलंडमध्ये कोपावोगुर गावी एका टेकाडात अदृश्य लोक राहतात म्हणून रस्ता वळवलेला आहे. तीही एक रीतच.

आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला, मी तिरुवैयारूच्या घाटावर होतो. कावेरी या दिवसांत गरोदर असते असं मानतात. तिला डोहाळे लागतात म्हणून लिंबाचा, चिंचेचा, नारळाचा, दह्याचा असे भात करून नेतात. ताडपानाची कर्णभूषणं आणि काळे मणी पाण्यात सोडतात, गळ्यात पिवळा दोरा बांधतात. आसरांना आपण हळदकुंकू, हिरव्या बांगड्या आणि खणनारळ देतो. डोहाळजेवण आणि ओटी. दोन भाषा, पण पाण्याशी बोलण्याची रीत एकच, बायकांची.

घाटावर एक म्हातारी मराठी बाई भेटल्या. पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचं घर. मी आजीच्या बहिणीची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, “इकडे तिला घरात ठेवली असती.” तमिळ घरांत लग्नाआधी गेलेल्या मुलीला कन्नी म्हणून घरातच पुजतात. तिच्यासाठी नवं पावाडं, म्हणजे परकर, आणून पेटीत ठेवतात. वर्षातून एकदा पेटी उघडतात.

तेव्हा मला कळलं की ‘आसरांनी नेली’ हे वाक्य म्हणजे मृत्यू नाकारणं नव्हतं. ती सात जणींकडे आहे, एकटी नाही, एवढंच घर म्हणत होतं. शिवाय विहिरीचा काठ निसरडा आहे, हे पुढच्या मुलींना सांगायची तीच एक सोय होती.

आज कावेरीचं पाणी मेट्टूरच्या धरणातून सुटतं. ते धरण 1934 मध्ये झालं. धरणात पाणी नसेल त्या वर्षी घाटावर फवारे लावून बायकांनी आडीची आंघोळ उरकली आहे. आजीच्या माहेरची विहीर बुजवली, तिथे बोअरवेल आहे. बोअरवेलला काठ नसतो. सात दगड ठेवायचे कुठे? आता त्यात कुणी मुलगी पाण्याला जाऊन बुडत नाही, हे चांगलंच झालं. पण पाणी खाली गेलं तर ओरडणारंही तिथे कुणी बसलेलं नाही.

मी परतताना तंजावरच्या बाजारातून नऊ वर्षांच्या मुलीच्या मापाचं एक हिरवं पावाडं घेतलं. दुकानदाराने विचारलं, “मुलीसाठी?” मी म्हटलं, “आजीसाठी.”

पुढच्या भागात सरस्वती महालातल्या मोडी कागदांकडे वळू.